सूज आणि सांधणी



मोडलेले हाड जुळते आणि तुटलेली कंडराही जुळते, पण या दोन जुळण्या सारख्या नाहीत. हाड जुळते तेव्हा मोडल्या जागी पुन्हा हाडच येते. शाळकरी मुलाचा मोडलेला हात दोन-तीन वर्षांनी एक्स-रेवर पाहिला, तर फ्रॅक्चर नेमके कुठे होते हे सांगणे तज्ज्ञालाही अनेकदा जड जाते. कंडरेचे तसे नाही. तिची दोन टोके जोडली जातात, पण मधली जागा भरून येते ती वणाने. तो वण पुढे घट्ट होतो, ताण सोसू लागतो, माणूस पुन्हा चालतो-पळतो; तरी मूळ दोरीचा चिवटपणा त्याला पुरता येत नाही.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. बोलण्यात तिला सरसकट ‘शीर’ म्हणतात आणि रक्तवाहिनीलाही शीरच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. शरीरातली सर्वांत जाड कंडरा टाचेच्या मागे आहे आणि तिला मराठीत धोंडशीर असे नेमके नाव आहे. बसल्या जागी खाली वाकून टाचेच्या चार बोटे वर चिमूट घेतली, की ती हाताला लागते. तिथून जरा पुढे बोट सरकवले की नडगीचे हाड. दोन्ही एकाच पायात, दोन्ही एकाच रक्तावर पोसलेली, दोन्हींचा मुख्य धागा कोलॅजेन या एकाच प्रथिनाचा. मग एक अवयव पुन्हा मूळपदावर येतो आणि दुसरा वणावर थांबतो, हे का?

या प्रश्नाचा शोध घेताना संशोधक ज्या पेशींपाशी येऊन पोचले, त्या हाडाच्याही नव्हेत आणि कंडरेच्याही नव्हेत. त्या रक्तातून येतात. जंतूंशी लढणे हे त्यांचे काम म्हणून शाळेपासून शिकवले जाते. जिथे एकही जंतू शिरलेला नाही, कातडीला ओरखडाही नाही, अशा बंद फ्रॅक्चरमध्ये त्या कशासाठी येतात? आणि आल्यावर करतात काय?

सुरुवात सुजेपासून करावी लागते. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे नोंदली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पुढची सतराशे वर्षे या चौघांकडे रोग म्हणूनच पाहिले गेले. सूज उतरवणे म्हणजे उपचार, हीच समजूत घरोघरी आजही आहे. या समजुतीला पहिला मोठा धक्का लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी दिला. रक्त, दाह आणि बंदुकीच्या जखमा यांवरचा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1794 मध्ये प्रसिद्ध झाला. दाह हा स्वतः रोग नव्हे, इजा झालेल्या शरीराने सुरू केलेली ती हिताची क्रिया आहे, अशी मांडणी त्यात आहे. हंटर यांना हे केवळ रुग्णांवरून कळले नव्हते. 1767 मध्ये त्यांची स्वतःची धोंडशीर तुटली होती. शस्त्रक्रिया न करता ती त्यांनी सांधू दिली, आणि नंतर कुत्र्यांच्या कंडरा छेदून त्या कोणत्या दिवशी कशा दिसतात हे पाहिले. कंडरेच्या सांधणीचा हा सर्वांत जुन्या प्रायोगिक अभ्यासांपैकी एक.

दुसरा धक्का सिसिलीतल्या मेसिना गावात बसला. 1882 सालची गोष्ट. रशियन प्राणिशास्त्रज्ञ एली मेच्निकॉव्ह यांच्या घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली होती आणि ते एकटेच सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. नळीखाली होती तारामाशाची अळी, काचेसारखी पारदर्शक. तिच्या आत फिरणाऱ्या पेशी पाहताना त्यांच्या मनात आले, की या पेशी बाहेरून घुसलेल्या वस्तूवर धावून जात असतील का? बागेतल्या गुलाबाचे काटे तोडून त्यांनी अळ्यांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहिले तर प्रत्येक काट्याभोवती पेशींचे कडे पडले होते. या अळीत रक्तवाहिन्या नव्हत्या, मज्जासंस्था म्हणावी असे फारसे काही नव्हते, तरी पेशी आपणहून इजेपाशी पोचल्या होत्या. भक्षकपेशींचे शास्त्र इथून सुरू झाले आणि 1908 मध्ये मेच्निकॉव्ह यांना पॉल एर्लिक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

काट्याच्या जागी आता मोडलेले हाड ठेवावे. हाड मोडते तेव्हा त्याच्या आतल्या मगजातल्या आणि वरच्या आवरणातल्या रक्तवाहिन्याही फाटतात. हाड कोरडे आणि निर्जीव वाटते, पण तो भरपूर रक्त खेळणारा अवयव आहे. फाटलेल्या टोकांभोवती रक्त साचते आणि गोठते. या गाठोळ्यात प्राणवायू जवळजवळ नाही, आम्लता वाढलेली आहे, चिरडलेल्या पेशींचे तुकडे विखुरलेले आहेत. बाहेरून दिसते ती निळसर, टरटरून आलेली सूज. हा सगळा निव्वळ राडा आहे, धुऊन काढावा असाच, असे कुणालाही वाटेल. जपानी संशोधकांनी 1990 मध्ये उंदरांच्या फ्रॅक्चरमधली चार दिवसांची ही गाठ उचलून स्नायूत नेऊन ठेवली. स्नायू ही हाड तयार होण्याची जागा नव्हे, तरी तिथे कूर्चा आणि हाड तयार झाले. हाड घडवण्याची सूचना त्या राड्यातच होती. फ्रॅक्चर शस्त्रक्रियेने बसवताना ही गाठ शक्य तितकी न उपसता राखावी, याकडे शस्त्रवैद्य आज लक्ष देतात ते यामुळे.

सूचना कोण देते? पहिली हाक मरणाऱ्या पेशीच देतात. पेशी फुटली की आतली द्रव्ये बाहेर सांडतात, जी निरोगी शरीरात कधीच उघड्यावर नसतात. त्यांत मायटोकाँड्रियाचे तुकडे असतात. मायटोकाँड्रिया हे अतिप्राचीन काळी पेशीत वस्तीला आलेल्या जंतूंचे वंशज, त्यामुळे त्यांच्या तुकड्यांवर जंतूची जुनी खूण अजून आहे. प्रतिकारपेशी ती ओळखतात आणि जंतू शिरल्यासारख्या धावत येतात. बंद फ्रॅक्चरमध्ये जंतू नसताना एवढी सूज का, याचे एक उत्तर त्या जुन्या खुणेत आहे.

सर्वांत आधी, काही तासांतच, न्यूट्रोफिल येतात. माणसाच्या हाडांतला मगज दररोज सुमारे 100 अब्ज न्यूट्रोफिल तयार करतो. त्यांचे आयुष्य थोडे, तासांत किंवा फार तर काही दिवसांत मोजण्याजोगे. त्या येतात, कचरा फोडतात, पुढच्यांना बोलावतात आणि मरतात. त्यांच्यामागून येतात मोनोसाइट, आणि ऊतीत शिरल्यावर त्यांच्या होतात मॅक्रोफेज. मराठीत यांना महाभक्षक म्हणता येईल, कारण मेलेल्या पेशी, हाडाचा चुरा, जुने रक्त, सगळे त्या गिळतात. पण भक्षण हे त्यांचे अर्धेच काम. उरलेले अर्धे म्हणजे कारभार.

मॅक्रोफेज दोन प्रकारच्या असतात, एक आग लावणाऱ्या आणि दुसऱ्या विझवणाऱ्या, अशी वाटणी पुष्कळदा केली जाते. समजायला ती सोपी आहे. प्रत्यक्षात मात्र एकाच जातीची पेशी परिस्थितीप्रमाणे वागणे बदलते आणि मधल्या अनेक छटा तिच्यात असतात. पहिल्या दिवशी ती टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 अशी दाह वाढवणारी द्रव्ये सोडते. या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या सैल होतात, आणखी पेशी आत येतात, आणि हाडाच्या आवरणात झोपलेल्या मूळपेशी जाग्या होतात. मग ती मेलेल्या न्यूट्रोफिल गिळू लागते. गिळता गिळता तिचा सूर बदलतो. इंटरल्यूकिन-10 आणि टीजीएफ-बीटा ही शमवणारी, बांधणारी द्रव्ये ती सोडू लागते, नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून देते. मेलेल्या सोबत्यांना गिळणे हाच तिच्यासाठी काम पालटण्याचा निरोप असतो. सूज आपोआप विरत नाही. ती उतरवावी लागते, आणि उतरवण्याचे काम ज्यांनी ती आणली त्याच पेशी करतात.

ही पेशी काढूनच टाकली तर? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2014 मध्ये मॅक्रोफेज हवे तेव्हा नष्ट करता येतील अशा जनुक बदललेल्या उंदरांवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. फ्रॅक्चरच्या वेळीच मॅक्रोफेज काढल्या, तर जोडाची गाठ, म्हणजे कॅलस, तयारच झाला नाही. टीएनएफचा निरोप स्वीकारणारी जागा नसलेल्या उंदरांतही जुळणी मागे पडते. सूज ही जुळणीची पहिली पायरी आहे, हे हंटर यांनी नजरेने ओळखले होते. ते असे सिद्ध झाले.

इथे हाडवैद्यांचा विषय निघतोच. बांबूच्या कामट्या, आंबेहळदीचा लेप आणि आवळलेली पट्टी हा उपचार महाराष्ट्रात अनेक घरांनी घेतलेला आहे. मोडलेला अवयव स्थिर ठेवावा हे त्यामागचे तत्त्व खरे आहे. चूक होते ती सुजेला जागा न देण्यात. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढणार हे ठरलेले. आवळलेल्या पट्टीत तिला जायला वाट नसते, रक्त अडते आणि हात गमावण्याची पाळी येते. रुग्णालयात पहिल्या दिवशी पूर्ण गोल प्लॅस्टर न घालता पाठीमागून अर्धेच, स्लॅब म्हणून, घालतात ते यासाठी. दुसरी चूक चोळण्याची. कोपराला मार लागल्यावर तेल लावून जोरात मालीश केली, की दुखावलेल्या स्नायूत पुन्हा पुन्हा रक्त साचते, पुन्हा पुन्हा दाह होतो आणि अखेर त्या स्नायूतच हाड धरते. कोपर कायमचा आखडतो. हाड घडवण्याची तीच सूचना, पण भलत्या जागी दिलेली.

दोन-तीन आठवड्यांत फ्रॅक्चरभोवती मऊ कूर्चा येते. मग ती कूर्चा कठीण होऊन तिच्या जागी कच्चे, वेडेवाकडे विणलेले हाड येते. एक्स-रेवर ढगासारखी छटा दिसू लागते आणि डॉक्टर सांगतात, हाड धरू लागले. यानंतर महिनोन्‌महिने चालणारे काम उरते: जादा भरलेले हाड कोरून काढणे आणि कामापुरते ठेवणे. हे कोरणाऱ्या पेशीचे नाव ऑस्टिओक्लास्ट, अस्थिशोषक पेशी. अनेक केंद्रकांची ही मोठी पेशी हाडाला चिकटते, खाली आम्ल सोडते आणि खळगा पाडते. ती हाडाच्याच घराण्यातली असणार, असे पुष्कळ काळ मानले जात होते.

ते खरे नव्हे, हे सर्वांत स्पष्टपणे दाखवले एका पाच महिन्यांच्या मुलीने. तिला संगमरवरी हाडांचा जन्मजात आजार होता. या आजारात अस्थिशोषक पेशी काम करत नाहीत. हाडे घट्ट भरत जातात, मगजाला जागा उरत नाही, कवटीतली छिद्रे आवळून दृष्टीच्या मज्जातंतूवर दाब येतो. अमेरिकेत मिनेसोटा येथे तिच्या भावाचा मगज तिला देण्यात आला. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या उपचारानंतर तिच्या हाडाचा तुकडा तपासला, तेव्हा तिथे काम करू लागलेल्या अस्थिशोषक पेशींत पुरुषाच्या वाय गुणसूत्राची खूण होती. त्या भावाच्या होत्या. हाड बांधणाऱ्या पेशी मात्र तिच्या स्वतःच्याच राहिल्या. म्हणजे हाड कोरणारी पेशी रक्तातून येते, मॅक्रोफेजच्याच वंशातली ती चुलत बहीण आहे. हाडाची रोजची डागडुजीसुद्धा प्रतिकारपेशींच्या एका शाखेकडे सोपवलेली आहे.

याचा दुसरा पुरावा नावांच्या गोंधळातून आला. 1997 मध्ये टी-पेशी नावाच्या प्रतिकारपेशींवर काम करणाऱ्यांना त्या पेशींवर एक प्रथिन सापडले. पुढच्या वर्षी हाडांवर काम करणाऱ्यांना अस्थिशोषक पेशी घडवणारे एक प्रथिन सापडले. दोन्ही गटांनी आपापली नावे दिली. आणि प्रथिन एकच निघाले. आज त्याला रँकल म्हणतात. हाडे आणि प्रतिकारव्यवस्था यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या शाखेला 2000 मध्ये ऑस्टिओइम्युनॉलॉजी हे नाव मिळाले. हा केवळ विद्यापीठातला विषय राहिला नाही. ठिसूळ हाडांसाठी सहा महिन्यांतून एकदा कातडीखाली दिले जाणारे डेनोसुमॅबचे इंजेक्शन याच रँकलला अडवते.

टी-पेशींचे फ्रॅक्चरमध्ये काय काम? इथे चित्र गुंतागुंतीचे आहे. टी आणि बी अशा दोन्ही पेशी नसलेल्या उंदरांचे हाड काही प्रयोगांत उलट लवकर जुळले. बर्लिनमधील संशोधकांना असे आढळले, की ज्या रुग्णांच्या रक्तात अनेक लढाया पाहिलेल्या, मुरलेल्या सीडी-8 टी-पेशी जास्त, त्यांचे हाड जुळायला वेळ लागतो. दुसरीकडे टोकियोतील प्रयोगात गॅमा-डेल्टा जातीच्या टी-पेशींनी इंटरल्यूकिन-17 सोडून हाड बांधणाऱ्या पेशींना चालना दिली. नियामक टी-पेशी दाहाला आवर घालून जुळणीला मदत करतात. एकाच कुळातल्या काही पेशी काम पुढे नेतात, काही मागे खेचतात; कोण किती आहे यावर माणसागणिक फरक पडतो. दोन शेजाऱ्यांचे सारखेच हाड सारख्याच ठिकाणी मोडते, सारखेच प्लॅस्टर बसते, आणि एकाचे दीड महिन्यात जुळते तर दुसऱ्याचे चार महिने रेंगाळते. शंभर फ्रॅक्चरांपैकी पाच ते दहा वेळेवर जुळत नाहीत किंवा जुळतच नाहीत. त्या प्रत्येकात चूक प्लॅस्टरची किंवा रुग्णाची असतेच असे नाही.

वयाचा भाग मोठा आहे. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितलेले आहेत, आणि काळही सांगितलेला आहे: पहिल्या वयात एक महिना, मधल्या वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. निरीक्षण आजही टिकते. कारण आता थोडे दिसू लागले आहे. म्हाताऱ्या उंदरांना तरुण उंदरांचा मगज दिला, की त्यांचे फ्रॅक्चर लवकर भरून येते. हाड म्हातारेच असते. त्यात येणाऱ्या प्रतिकारपेशी तरुण असतात. वय वाढले की शरीरभर मंद, न विझणारा दाह राहतो, ज्याला इटालियन शास्त्रज्ञ क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी 2000 मध्ये ‘इन्फ्लमेजिंग’ हे नाव दिले. अशा शरीरात हाड मोडल्यावर पेशी धावत येतात खऱ्या, पण शांत व्हायला विसरतात. मधुमेहात हेच घडते. साखर वाढलेल्या उंदरांत टीएनएफ चढाच राहतो आणि कॅलसमधली कूर्चा हाड होण्याआधीच खाल्ली जाते. तंबाखू आणि धूम्रपानही जुळणी लांबवतात. खुब्याचे हाड मोडलेल्या आजीची साखर आटोक्यात ठेवणे हा म्हणूनच हाडाचाच उपचार असतो. पडल्यावर नातेवाइकांना तो दुय्यम वाटतो, तसा तो नाही.

मग वेदनाशामक गोळ्यांचे काय? दाह कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळ्या कॉक्स नावाच्या विकराला अडवतात, आणि त्यातून तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन थांबते. कॉक्स-2 नसलेल्या उंदरांत फ्रॅक्चर नीट जुळत नाही, हे 2002 मध्ये दिसले. शिवाय सूज उतरवणारी द्रव्ये तयार व्हायला सुरुवात होते तीही प्रोस्टाग्लँडिनच्याच इशाऱ्यावर. माणसांतले पुरावे मात्र एकमुखी नाहीत. पहिल्या थोड्या दिवसांत डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊन बहुतेकांचे हाड उत्तम जुळते, आणि वेदना सहन करत बसण्यात काही पुण्य नाही. जपायचे ते दुकानातून आपणहून आणून महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहण्यापासून.

आता कंडरा. निरोगी कंडरेत रक्तवाहिन्या थोड्या, पेशीही थोड्या. कोलॅजेनचे धागे, धाग्यांच्या जुड्या, जुड्यांचे दोर, सगळे एका दिशेने ओढीच्या रेषेत लावलेले. काथ्याचा दोर उसवून पाहिला तर अशीच रचना दिसते. हाड सतत नवे होत असते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी बदलतो. कंडरा किती बदलते? याचे उत्तर अणुबाँबने दिले. 1955 ते 1963 या काळातल्या चाचण्यांमुळे हवेतील कार्बन-14 एकदम वाढला आणि नंतर उतरत गेला. तो अन्नातून सर्वांच्या शरीरात गेला. शरीरातल्या एखाद्या पदार्थात तो किती आहे हे मोजले, की तो पदार्थ कोणत्या वर्षी घडला हे सांगता येते. डेन्मार्कमधील संशोधकांनी 2013 मध्ये वेगवेगळ्या सालांत जन्मलेल्यांच्या धोंडशिरा अशा मोजल्या. गाभ्यातले कोलॅजेन वयाच्या पहिल्या सतरा वर्षांत घडलेले निघाले. त्यानंतर ते जवळजवळ बदललेलेच नव्हते. साठीतला माणूस ज्या दोरीवर टाच उचलतो, ती त्याच्या शाळेच्या दिवसांत वळलेली असते.

जिथे रोजची डागडुजी नाही, तिथे मोठी इजा झाली तर दुरुस्ती करणार कोण? कंडरेच्या आतल्या पेशी थोड्या आणि संथ. त्यामुळे काम बाहेरून येणाऱ्यांच्या हाती जाते. क्रम हाडासारखाच सुरू होतो: रक्ताची गाठ, न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज. पण मॅक्रोफेजनी सोडलेला टीजीएफ-बीटा इथे वण घालणाऱ्या पेशींना बोलावतो. घाईने तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेन पसरले जाते, बारीक धाग्यांचे आणि दिशा नसलेले. पुढच्या महिन्यांत त्याची जागा पहिल्या प्रकारचे कोलॅजेन घेत जाते, धागे ओढीच्या रेषेत येऊ लागतात, आणि वर्ष उलटले तरी हे काम पुरे होत नाही. हाडाजवळ जादा भरलेले हाड कोरून काढणारी अस्थिशोषक पेशी आहे. कंडरेजवळ तशी कुणी नाही. हा फरक मूलभूत आहे. प्रतिकारव्यवस्थेने हाडाला मोडणाराही दिला आणि बांधणाऱ्याला हाकही घातली, कंडरेला फक्त ठिगळ लावणारे पाठवले.

बोटांत हे ठिगळ फार जाचते. तळहाताच्या पुढच्या भागात आणि बोटांत वाकवणाऱ्या कंडरा अरुंद बोगद्यातून सरकतात. अमेरिकी शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले, कारण तिथे शिवलेली कंडरा भोवतालच्या आवरणाला चिकटून बसायची आणि बोट वाकायचे नाही. वण तुटल्या जागेपुरता राहत नाही, बोगद्याच्या भिंतीपर्यंत जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवलेले बोट लवकर, पण मोजूनमापून हलवण्याच्या पद्धती रुळल्या आणि चित्र पालटले. हालचालीने वण धरत नाही असे नाही. तो सरकता राहतो.

जुनाट दुखणाऱ्या कंडरेची गोष्ट निराळी. टेनिस एल्बो हे नाव सर्वांना माहीत आहे. पोळ्या लाटणाऱ्या, धुणे पिळणाऱ्या, हातोडा मारणाऱ्या हातांनाही तो होतो. अशा कंडरेत दाहाच्या पेशी दिसत नाहीत, ती नुसती झिजलेली असते, असे काही दशके शिकवले गेले. अधिक बारकाईने पाहता, विशेषतः आजाराच्या सुरुवातीला, मॅक्रोफेज आणि मास्ट पेशी आढळल्या. ऑक्सफर्ड आणि ग्लासगो येथील गटांनी हे पुढे आणले. म्हणजे तिथे सूज आहे, पण भडकलेली नाही, विझलेलीही नाही. अशा जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की काही आठवडे सुरेख आराम पडतो. मात्र वर्षभराने मोजले, तर इंजेक्शन घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा वाईट आणि दुखणे उलटण्याचे प्रमाण जास्त, असे 2010 पर्यंतच्या चांगल्या चाचण्यांनी दाखवले.

शेवटी ती जागा, जिथे हाड आणि कंडरा भेटतात. दोर थेट दगडात घुसत नाही. कंडरा, मग मऊ तंतुमय कूर्चा, मग कठीण झालेली कूर्चा, मग हाड, अशी चार थरांची उतरण असते, आणि ओढ हळूहळू एकातून दुसऱ्यात जाते. खांद्याची कंडरा हाडापासून सुटली आणि शस्त्रक्रियेने परत टाचली, तर ही उतरण पुन्हा तयार होत नाही. मध्ये वण येतो, आणि मोठी फाट असेल तर तो पुष्कळदा परत सुटतो. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी 2008 मध्ये उंदरांच्या गुडघ्यात हाडाला भोक पाडून त्यात कंडरा बसवली आणि काही उंदरांतल्या मॅक्रोफेज औषधाने घालवल्या. कुणाचा जोड चांगला झाला? ज्यांच्यात मॅक्रोफेज नव्हत्या त्यांचा. वण कमी, हाड जास्त, जोड मजबूत. ज्या पेशीशिवाय फ्रॅक्चर जुळत नाही, तीच नसल्यावर कंडरा हाडाला अधिक घट्ट धरते. हे दोन निकाल शेजारी ठेवल्याशिवाय या विषयातले काहीच नीट कळत नाही. पेशी एकच आहे. बदलते ती तिची जागा, तिचा मुक्काम आणि तिच्या आधी तिथे काय होते ते.

नवजात उंदराची कंडरा कापली तर ती वणाशिवाय, पूर्ववत भरून येते. मोठ्या उंदराची येत नाही. म्हणजे ही क्षमता सस्तन प्राण्यांत मुळातच नाही असे नव्हे. वयाबरोबर ती जाते. त्यात येणाऱ्या प्रतिकारपेशींचा वाटा किती आणि कंडरेच्या स्वतःच्या पेशींचा किती, याची वाटणी सध्या प्रयोगशाळांत तपासली जात आहे. मॅक्रोफेजना सरसकट घालवण्याऐवजी त्यांचे वागणे योग्य दिवशी पालटावे, शिवणीच्या धाग्यावर किंवा रोपणाच्या पृष्ठभागावर तशी द्रव्ये बसवावीत, असे प्रयत्न चालू आहेत. प्राण्यांत ते आशा देतात. रोजच्या शस्त्रक्रियेत त्यांतले फारसे अजून आलेले नाही.

तोवर हाताशी आहे ते वेळापत्रक. खांद्याची कंडरा शिवल्यावर पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत असतो. त्या काळात रुग्णाने स्वतः तो उचलायचा नसतो. उंदरांत दिसले आहे, की टाचलेल्या कंडरेला लगेच ओढ दिली तर जोडापाशी दाहाच्या मॅक्रोफेज वाढतात, आणि काही दिवस थांबून दिली तर जोड अधिक चांगला बसतो. मग फिजिओथेरपिस्ट स्वतःच्या हाताने रुग्णाचा हात हलवतो, नंतर रुग्ण तो आपणहून उचलतो, आणि वजन साधारण बारा आठवड्यांनंतर येते. रुग्णाला हे दिवस फार लांब वाटतात. दुखणे थांबलेले असते, हात हलका वाटतो, आणि एखादा दुसऱ्याच महिन्यात पाण्याची बादली उचलतो. तेव्हा जोडाच्या जागी अजून तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचे दिशाहीन धागे असतात, आणि त्यांच्यामध्ये मॅक्रोफेज काम करत असतात.